तिसऱ्या दिवशी विकलेला गोऱ्हा: बाटलीवरची वासरं नवख्या माणसाला विकताना

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. बाटलीवर दूध पिणाऱ्या वासरांच्या विक्रीत वारंवार घडणाऱ्या गोष्टी इथे एकाच व्यवहारात मांडल्या आहेत. विक्रेता दुग्धव्यवसाय करणारा अनुभवी माणूस. खरेदीदार म्हणजे थोडी जमीन असलेलं आणि आजवर एकही जनावर न पाळलेलं कुटुंब. व्यवहार दोन वासरांचा: ३ दिवसांचा ३८ किलोचा गोऱ्हा आणि ४ दिवसांची ३४ किलोची कालवड. सहाव्या दिवसाच्या आत गोऱ्हा मेला आणि पैसे परत करण्यावरून वाद झाला. कालवड जगली. तिच्याबद्दलचा वाद दीड वर्षाने उभा राहिला.

विक्रेत्याचं म्हणणं एकच होतं, "माझ्याकडून गेलं तेव्हा वासरू ठणठणीत होतं." हे खरंच होतं. प्रश्न असा की तीन दिवसांचं वासरू ठणठणीत दिसतं, या वाक्याला किती किंमत द्यायची. आणि विक्रेत्याला ठाऊक असलेल्या, पण नवख्या खरेदीदाराला विचारायच्या सुचणारच नाहीत, अशा गोष्टी सांगणं कोणाचं काम? आमच्या मते ते काम पूर्णपणे विकणाऱ्याचं आहे.

विक्रीच्या आधीचं

गोऱ्ह्याची आई रात्री व्यायली. पहाटे गोठ्यात माणूस गेला तेव्हा वासरू उभं होतं, अंग वाळलेलं होतं. चीक किती प्यायला हे कोणी पाहिलं नाही. "रात्रीत आईला लुचला असेल" असं धरून चालले. नाळेला आयोडीन लावलं ते सकाळी, म्हणजे काही तास उशिरा. कालवडीचा जन्म मात्र दिवसा, माणसांसमोर झाला. पहिल्या दोन तासांत तिला ३ लिटर चीक बाटलीने पाजला आणि संध्याकाळी आणखी २ लिटर. हा फरक कुठेही लिहून ठेवलेला नव्हता. खरेदीदाराला दोन्ही वासरं सारखीच दिसली. उलट गोऱ्हा वजनाने जास्त आणि अंगाने भरलेला, म्हणून तोच जास्त दणकट वाटला.

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळजवळ नसतात, कारण गायीच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता तासागणिक कमी होत जाऊन साधारण २४ तासांत संपते. म्हणून नियम असा: वजनाच्या १० टक्के चांगला चीक पहिल्या दोन तासांत, म्हणजे ४० किलोच्या वासराला ४ लिटर, आणि पुढच्या आठ ते बारा तासांत आणखी २ लिटर. चीक चांगला आहे की नाही हे रंगावरून किंवा घट्टपणावरून कळत नाही. ब्रिक्स मीटर, म्हणजे चिकाच्या थेंबातला घन अंश मोजणारं छोटं उपकरण, त्यावर आकडा २२ किंवा त्याहून जास्त आला तर तो पहिल्या पाजणीला वापरण्याजोगा. आईला लुचणारी सगळीच वासरं वेळेवर आणि पुरेसा चीक पितात असं नाही, आणि हा हिशेब चुकलेलं वासरू पहिले चार-पाच दिवस दिसायला अगदी इतरांसारखंच असतं. उड्या मारतं, बाटली ओढतं. उणीव उघडी पडते ती पहिला जंतू पोटात गेल्यावर.

विक्री झाली त्या दिवशी विक्रेत्याने सांगितलेली माहिती एवढीच: "सकाळ-संध्याकाळ दोन-दोन लिटरची बाटली द्या, बस्स."

दिवसवार काय घडलं

सकाळी ६ वाजता दोन्ही वासरांना गायीचं ताजं दूध पाजलं. ११ वाजता उघड्या टेम्पोत भरलं. खाली पेंढा नव्हता, बाजूने वारा लागत होता. तीन तासांचा प्रवास झाला. पोहोचल्यावर घरच्यांनी "जरा स्थिरावू दे" म्हणून त्यांना तसंच ठेवलं आणि पुढची बाटली संध्याकाळी ७ ला दिली. तेरा तासांचा खंड. त्या बाटलीत गायीचं दूध नव्हतं, बाजारातलं मिल्क रिप्लेसर होतं, म्हणजे दुधाऐवजी पाण्यात कालवून द्यायची पावडर. दूध अचानक बदललं, तेही प्रवासाने थकलेल्या पोटात.

पावडरच्या पोत्यावर एक लिटर तयार दुधाला १२५ ग्रॅम असं लिहिलेलं होतं. घरात वजनकाटा नव्हता, म्हणून चहाच्या कपाने माप धरलं, लिटरला एक कप. नंतर तोच कप काट्यावर ठेवला तेव्हा त्यात ८० ग्रॅम पावडर मावत होती. म्हणजे दिवसाच्या ४ लिटर दुधात ५०० ग्रॅमऐवजी ३२० ग्रॅम. एवढ्यावर ३८ किलोचं वासरू उबदार हवेत जेमतेम जगतं. लहान वासराला १५ अंशांच्या खालची हवा थंडच लागते आणि अंगातली ऊब टिकवायला जादा अन्न लागतं. इथे रात्री पारा त्याच्या खाली जात होता. वजन वाढायला आणि रोगाशी झुंजायला काही उरतच नव्हतं.

पहिल्या रात्री गोऱ्हा हंबरत राहिला. बाटली संपायला वेळ लागतो म्हणून दुसऱ्या दिवशी ब्लेडने निपलचं भोक मोठं केलं गेलं. वासरू दोन मिनिटांत बाटली संपवू लागलं आणि घरच्यांना ते बरं वाटलं. संध्याकाळी शेण पातळ झालं. पिवळट, पाण्यासारखं.

तिसऱ्या दिवशी एका ओळखीच्याने सल्ला दिला की हगवणीत दूध बंद करायचं, पोटाला आराम द्यायचा. दूध थांबलं. दिवसभरात मीठ-साखर घातलेलं १ लिटर पाणी पाजलं. विक्रेत्याला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "एवढं होतंच, उद्यापर्यंत थांबेल."

चौथ्या दिवशी सकाळी गोऱ्हा उठेना. डोळे आत गेलेले, कान आणि पाय गार. बोट तोंडात घातलं तर चोखत नव्हता. दूध बंद केल्यामुळेच अशक्त झाला असं वाटून घरच्यांनी आडव्या पडलेल्या वासराचं तोंड वर धरलं आणि मोठ्या भोकाच्या निपलमधून दूध ओतलं. ठसका लागला, नाकातून फेस आला. पाचव्या दिवशी पहाटे तो मेलेला सापडला. कालवडीलाही हगवण लागली होती, पण ती उभी होती, ओढून पीत होती. त्याच दिवशी पशुवैद्यक आले. त्यांनी तिचं दूध चालू ठेवायला लावलं आणि दोन पाजण्यांच्या मधे इलेक्ट्रोलाइट, म्हणजे गेलेले क्षार भरून काढणारं पाकिटातलं औषधी पाणी, सुरू केलं. तीन दिवसांत तिचं शेण बांधून आलं.

हगवण कुठून आली

शेण तपासलं गेलं नाही, त्यामुळे जंतूचं नाव सांगता येत नाही. मात्र वयावरून अंदाज बांधता येतो. पहिल्या चार-पाच दिवसांतली पाण्यासारखी हगवण बहुधा ई. कोलायच्या एका विशिष्ट जातीमुळे होते. पाचव्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोटाव्हायरस आणि क्रिप्टोस्पोरिडियम पुढे असतात, कोरोनाव्हायरस तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. साल्मोनेला कधीही येऊ शकतो. तीन आठवड्यांनंतर रक्ताचे धागे असलेली हगवण दिसली तर कॉक्सिडियाचा संशय घ्यायचा.

गोऱ्हा आजारी पडला तेव्हा चार दिवसांचा होता. क्रिप्टोस्पोरिडियम पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस लागतात, रोटाव्हायरसला एखाद-दोन दिवस. म्हणजे जंतू विक्रेत्याच्या गोठ्यात, वासरू जमिनीवर पडलं त्या पहिल्याच रात्री लागलेला असू शकतो. टेम्पोतही लागलेला असू शकतो. "माझ्याकडे होतं तोवर ठीक होतं" हा युक्तिवाद इथे टिकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विकलेलं वासरू म्हणजे आजाराच्या सगळ्यात धोक्याच्या आठवड्याच्या तोंडावर उभं असलेलं वासरू. तो आठवडा विक्रेत्याने स्वतःच्या अनुभवी हातांतून काढून, वासरांबद्दल काही माहीत नसलेल्या माणसाच्या हाती दिला.

कायदेही हाच धागा धरतात. युरोपीय संघाच्या जनावर वाहतुकीच्या नियमावलीत, २००५ च्या पहिल्या नियमात, नाळ पूर्ण न भरलेलं नवजात जनावर प्रवासास अयोग्य मानलं आहे आणि दहा दिवसांच्या आतलं वासरू १०० किलोमीटरपेक्षा लांब न्यायला मनाई आहे. कॅनडात २०२० पासून आठ दिवस किंवा त्याहून कमी वयाचं वासरू बाजारात किंवा जनावरं गोळा करण्याच्या केंद्रावर पाठवता येत नाही.

मृत्यू कशाने झाला

हगवणीचं वासरू जंतूने मरतं त्यापेक्षा पाणी आणि क्षार गमावल्याने आणि रक्त आम्लधर्मी झाल्याने मरतं. इथे त्यात उपासमार आणि शेवटी फुप्फुसात गेलेलं दूध यांची भर पडली.

पाणी किती गेलं हे घरच्या घरी पाहता येतं. मानेची कातडी चिमटीत धरून फिरवायची आणि सोडायची. निरोगी वासराची कातडी लगेच सपाट होते. दोन ते चार सेकंद घडी राहिली आणि डोळा खोबणीपासून थोडा सुटलेला दिसला, तर वजनाच्या ६ ते ८ टक्के पाणी कमी झालं आहे. घडी सहा सेकंदांहून जास्त राहते आणि डोळा व पापणी यांच्यात स्पष्ट फट दिसते तेव्हा ८ ते १० टक्के. त्यापुढे वासरू उठत नाही, तोंड आतून गार लागतं, आणि तोंडाने पाजून भागत नाही. शिरेतून सलाईनच लागतं. १४ टक्क्यांच्या आसपास मृत्यू.

तिसऱ्या दिवसाचा हिशेब मांडू. ३८ किलोच्या ८ टक्के म्हणजे ३ लिटर तूट. रोजची गरज किलोला ५० मिली धरली तर आणखी जवळपास २ लिटर. शिवाय शेणावाटे रोज एक-दोन लिटर जातच असतात. म्हणजे दिवसभरात ६ लिटरच्या वर द्रव पोटात जायला हवा होता. गेला १ लिटर. सकाळ-संध्याकाळ दूध २-२ लिटर आणि मधल्या वेळेत दुपारी व रात्री इलेक्ट्रोलाइट २-२ लिटर, असं दिलं असतं तर आकडा ८ लिटरवर गेला असता. मीठ-साखरेच्या पाण्यात आम्लता मोडणारा सोड्याचा किंवा अॅसिटेटचा घटक नसतो, आणि अंदाजाने टाकलेलं मीठ जास्त झालं तर उलटाच अपाय. वासरांसाठीचं तयार पाकीटच वापरायचं, पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच कालवायचं. ते दुधात मिसळायचं नाही. सोडा असलेलं इलेक्ट्रोलाइट दुधाची पोटात दही लागण्याची क्रिया बिघडवतं, म्हणून दूध आणि इलेक्ट्रोलाइट यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं.

हगवणीत दूध तोडण्याचा सल्ला फार जुना आहे आणि अजून सगळीकडे दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि त्याने वासरं मरतात. इलेक्ट्रोलाइट म्हणजे अन्न नव्हे. नवजात वासराच्या अंगावर साठवलेली चरबी नगण्य असते. एका दिवसाचा उपास त्याला उठता येणार नाही इथवर नेतो. जोवर वासरू स्वतः ओढून पितं आहे, तोवर दूध द्यायचं, लागलं तर थोडं-थोडं करून जास्त वेळा.

चोखण्याची प्रतिक्रिया नसलेल्या वासराच्या तोंडात बाटली ओतायची नाही. चोखताना वासराच्या पोटातली एक पन्हळ मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात जातं. त्याच वेळी गिळण्याची क्रिया श्वासनलिका झाकते. चोखणंच नसेल तर या दोन्ही गोष्टी होत नाहीत, आणि आडव्या वासराचं तोंड वर धरून ओतलेलं दूध फुप्फुसात जातं. मोठं केलेलं भोक हे संकट निरोगी वासरावरही आणतं. बाटली उलटी धरली तर निपलमधून थेंब पडावा, धार लागता कामा नये. पाजताना वासरू उभं असावं, निपल साधारण त्याच्या नाकाच्या उंचीवर, मान पुढे ताणलेली, जशी आईखाली असते तशी. नळीने पाजणं हा पर्याय आहे, पण नळी श्वासनलिकेत गेली तर वासरू तिथेच जातं. पशुवैद्यकाने हात धरून शिकवल्याशिवाय नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

विक्रेत्याने काय करायला हवं होतं

पहिली गोष्ट वय. नवख्या खरेदीदाराला तीन आठवड्यांच्या आतलं वासरू विकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तोवर नाळ वाळून गळलेली असते, हगवणीचा मुख्य काळ संपलेला असतो, वासरू बाटली नीट पितं आणि काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासरांचं कोरडं खाद्य, चघळू लागलेलं असतं. विक्रेत्याला हे महाग पडतं, हे खरं. जादा अठरा दिवस, रोज ६ लिटर म्हणजे १०८ लिटर दूध, शिवाय मेहनत आणि मधे मरण्याची जोखीम. ते सगळं दरात धरावं आणि खरेदीदाराला तसं उघड सांगावं. ज्याला तो दर जड वाटतो त्याला तीन दिवसांचं वासरू त्याहून जड पडणार आहे. याहून सोपा मार्ग म्हणजे दूध तोडलेलं, आठ ते दहा आठवड्यांचं, सलग तीन दिवस रोज किलोभराहून जास्त खाद्य खाणारं वासरू. पहिल्यांदाच जनावर घेणाऱ्याला आधी हेच सुचवावं.

दुसरी गोष्ट चिकाची नोंद: जन्माची वेळ, पहिला चीक कधी, किती, ब्रिक्स किती. नोंद नसेल तर एक ते सात दिवसांच्या वयात पशुवैद्यकाकडून रक्तद्रवातली एकूण प्रथिनं मोजून घेता येतात. १०० मिलीला ६.२ ग्रॅम किंवा जास्त म्हणजे उत्तम, ५.१ च्या खाली आलेलं वासरू नवख्याला विकूच नये. हगवणीने सुकलेल्या वासरात हा आकडा फसवा, वाढीव येतो, म्हणून तपासणी अंगातलं पाणी कमी न झालेल्या वासराचीच व्हावी. आपल्या गोऱ्ह्याची अशी तपासणी झालीच नव्हती, त्यामुळे त्याला चीक कमी पडला हे सिद्ध करता येत नाही. पण एकाच गोठ्यातून, एकाच टेम्पोतून, एकाच घरी गेलेल्या दोन वासरांपैकी चीक मोजून पाजलेलं हलकं वासरू जगलं, हे डोळ्यांआड करता येणार नाही.

तिसरी गोष्ट खरेदीदाराची चौकशी. पैसे हातात घेण्याआधी विचारायला हवं होतं: सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाची पाजणी कोण करणार, आणि तो माणूस गावाला गेला तर कोण? वासराला येऊन बघेल असा पशुवैद्यक ठरवला आहे का, त्याला फोन केला आहे का? वजनकाटा आणि थर्मामीटर आहे? वासरू ठेवणार ती जागा कोरडी आहे, वारा थेट लागत नाही ना? गुडघे पेंढ्यात बुडतील एवढा पेंढा आहे का? या प्रश्नांची उत्तरं चाचरत आली तर वासरू त्या दिवशी द्यायचं नाही. यादी हातात द्यायची आणि आठवड्याने बोलवायचं. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती असते. जाऊ द्यावं.

घरात लहान मुलं आहेत का, हाही प्रश्न विचारायचाच. बाटलीवरचं वासरू मुलांच्याच हाती दिलं जातं. क्रिप्टोस्पोरिडियम आणि साल्मोनेला दोन्ही माणसाला लागतात, आणि लहान मुलं, गरोदर बाई, प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना जास्त त्रास देतात. हातावर चोळायच्या अल्कोहोल सॅनिटायझरने क्रिप्टो मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, प्रत्येक वेळी. हगवणीच्या वासराजवळ मुलांनी जाऊच नये.

चौथी गोष्ट सोबत द्यायचं सामान. वासरू ज्यावर आहे तीच पावडर तीन दिवस पुरेल एवढी द्यावी: रोज ५ लिटरला ६२५ ग्रॅम, म्हणजे तीन दिवसांना जेमतेम २ किलो. सवयीचं निपल, इलेक्ट्रोलाइटची चार पाकिटं, आणि १२५ ग्रॅमची खूण करून दिलेलं माप. ही खूण विक्रेत्याने स्वतः काट्यावर वजन करून त्याच पावडरसाठी मारायची, कारण प्रत्येक पावडरचा भरीवपणा वेगळा. खरेदीदार आपली पावडर आणणार असेल तर पोत्यावरचं लेबल बघावं: प्रथिनं २० टक्क्यांच्या वर, आणि तंतू ०.१५ टक्क्यांपर्यंत असेल तर प्रथिनं बहुधा दुधातूनच आलेली. तंतू त्याहून बराच जास्त असेल तर सोया वगैरे मिसळलेलं आहे, आणि तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला ते नीट पचत नाही. पावडर बदलायचीच असेल तर तीन-चार दिवसांत थोडी-थोडी मिसळत बदलायची.

आणि कागद. तोंडी सांगितलेलं टेम्पो सुटेपर्यंतही लक्षात राहत नाही. एक पान पुरतं, पण त्यावर "काळजी घ्या" असली वाक्यं नकोत. या गोऱ्ह्यासोबत पुढील मजकूर गेला असता तर बरंच टळलं असतं:

"शेवटचं दूध: आज सकाळी ६, दोन लिटर, गायीचं. घरी पोचल्यावर तासाभरात इलेक्ट्रोलाइट २ लिटर, कोमट. त्यानंतर चार तासांनी दूध. दूध पाजताना ३९ अंश. थर्मामीटरने बघा, हाताने नाही. पावडर वजन करून. पातळ करू नका, घट्ट करू नका. भोक मोठं करू नका. उरलेलं दूध पुन्हा गरम करून देऊ नका. पहिल्या दिवसापासून स्वच्छ पाणी बादलीत. चौथ्या दिवसापासून मूठभर स्टार्टर, रोज ताजं. ताप गुदद्वारात मोजा, रोज सकाळी, आठवडाभर: ३८.५ ते ३९.५ ठीक. ३८ च्या खाली किंवा ४० च्या वर गेला, वासरू चोखत नाही, उठत नाही, डोळे आत गेले, शेणात रक्त, नाळेला बोटाएवढी जाड ओली सूज, सांधा सुजला: यातलं एकही दिसलं की त्याच तासाला पशुवैद्यक. शेण पातळ झालं पण वासरू पितं आहे: दूध चालू, मधे इलेक्ट्रोलाइट, आणि मला फोन."

बाटल्या धुण्याची पद्धतही तोंडी न सांगता दाखवून द्यावी. आधी कोमट पाण्याने विसळायचं, कारण सुरुवातीलाच कढत पाणी ओतलं तर दुधातली प्रथिनं बाटलीला चिकटतात. मग साबण, ब्रश आणि गरम पाणी, निपल उलटं करून आतून. शेवटी बाटली पालथी घालून पूर्ण वाळवायची. ओल्या बाटलीत जंतू वाढतात.

फोन आला तेव्हा

या प्रकरणातली सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक तिसऱ्या दिवशीच्या फोनची. विक्रेत्याने तीन प्रश्न विचारले असते, तर सगळं कळलं असतं: चोखतो का, डोळा कसा आहे, दूध किती देताय. पाच मिनिटांचं बोलणं. गोऱ्हा तेव्हा उभा होता. विकणाऱ्याने पहिला आठवडा रोज एकदा स्वतःहून फोन करावा. नवखा माणूस "उगाच त्रास कशाला" म्हणून लपवत राहतो आणि दाखवतो तेव्हा उशीर झालेला असतो.

गोऱ्हा मेल्यावर विक्रेत्याने भरपाई म्हणून दुसरं वासरू देऊ केलं. दिसायला हे उदार आहे, पण तीच जागा, तोच पेंढा, तीच बादली. क्रिप्टोस्पोरिडियमची अंडी ओलाव्यात कित्येक महिने टिकतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. कढत पाणी, खरवडून स्वच्छता आणि पूर्ण वाळवणं हेच चालतं. नवं तीन दिवसांचं वासरू तिथे नेणं म्हणजे तेच प्रकरण पुन्हा सुरू करणं. बदली द्यायचीच असेल तर दूध तोडलेलं वासरू द्यावं, तेही जागा रिकामी करून, धुऊन, उन्हात वाळल्यावर. आणि आजारी वासरू परत आपल्या गोठ्यात घेऊ नये, कितीही आग्रह झाला तरी. भरपाईची अट कागदावर आधीच असावी: किती दिवसांत, कोणत्या स्थितीत, पशुवैद्यकाने पाहिल्याची चिठ्ठी लागेल की नाही.

गोऱ्हा जगला असता तरी एक गोष्ट सांगायची राहिलीच होती. बाटलीवर वाढलेला नर माणसाला घाबरत नाही, माणसालाच आपल्यातला समजतो, आणि वयात आल्यावर माणसावरच जोर आजमावतो. दुधाळ जातींचे वळू स्वभावाने विशेष धोकादायक समजले जातात. पूर्ण वाढलेला होल्स्टीन वळू एक टनाच्या आसपास भरतो. "मुलांना खेळायला" म्हणून नर वासरू नेणाऱ्याला विक्रेत्याने खच्चीकरण केव्हा करायचं हे लिहून द्यावं. शिंगांचे कोंब भूल देऊन पहिल्या दोन महिन्यांतच डागून घ्यावेत, त्यानंतर ते कवटीला जुळतात.

कालवडीचं काय झालं

कालवड चांगली वाढली. खरेदीदाराने ती दुधासाठी घेतली होती. दीड वर्ष उलटलं तरी ती माजावर येईना, तेव्हा तपासणीत कळलं की तिचं गर्भाशय वाढलेलंच नाही. ती जुळी होती, आणि जोडीचं वासरू नर. गायीच्या पोटात अशा जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, नराच्या बाजूची संप्रेरकं मादीच्या रक्तात येतात आणि तिचे प्रजननाचे अवयव नीट घडत नाहीत. नराबरोबर जन्मलेल्या दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त कालवडी अशा वांझ निघतात.

विक्रेत्याला ती जुळी आहे हे ठाऊक होतं. ३४ किलो वजनाचं कारणही तेच. खरेदीदाराने विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही. जन्माच्या नोंदीत जुळं असल्याचा आणि जोडीदार नर की मादी याचा उल्लेख करून तो विक्रीच्या कागदावर उतरवायलाच हवा. शंका असेल तर पशुवैद्यक पहिल्या महिन्यातच योनिमार्गाची लांबी मोजून अंदाज सांगू शकतो: साध्या कालवडीत ती साधारण १३ ते १५ सेंटिमीटर असते, अशा जुळ्या कालवडीत ५ ते ६. खात्री हवी असेल तर रक्तात नराचं वाय गुणसूत्र सापडतं का हे प्रयोगशाळेत पाहता येतं. ही तपासणी विक्रेत्याने विक्रीआधी करून घ्यायची, किंवा ती कालवड मांसासाठी वाढवायचं वासरू म्हणून त्याच दराने विकायची.